दवाखान्यातला पियानो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवा दाताच्या दवाखान्यात पाऊण तास बसलो होतो, तिथे स्पीकरवर तो हल्ली सगळीकडे वाजतो ना तसला हळुवार पियानो, वरून टीव्हीवर बातम्या आणि आतनं ड्रिल. रिसेप्शनच्या मुलीला विचारलं कुणाचं आहे हे, तर म्हणाली काका ते असंच असतं, पेशंटना टेन्शन येऊ नये म्हणून. ते 'असंच असतं' जरा लागलं, म्हणून हे पत्र.

गंमत बघा, एरिक साती ह्या फ्रेंच संगीतकारानं 1920 साली पॅरिसमध्ये मुद्दाम असं संगीत केलं होतं की ते कुणी ऐकूच नये, खोलीत फर्निचर असतं तसं नुसतं असावं. नाटकाच्या मध्यंतरात ते सुरू झालं तर लोक गप्प बसून ऐकायला लागले आणि साती बिचारा बोला, फिरा, ऐकू नका म्हणत सगळीकडे पळतोय! शंभर वर्षांनी आपण त्याचं ऐकलं म्हणायचं.

बर्लिनच्या नील्स फ्राम ह्या पियानोवादकाचं घ्या. रात्री वाजवायचं तर शेजारी झोपलेले, म्हणून त्यानं पियानोच्या तारा आणि त्यांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या मधे फेल्टचं, म्हणजे नमद्यासारखं मऊ कापड घातलं आणि माईक पार आत नेऊन ठेवले, 2011 चा अल्बम त्यातनंच निघाला, नावही फेल्टच. हेडफोन लावून ऐका, सुरासोबत पट्टीची खटखट, लाकडाची करकर, सगळं येतं. दुसऱ्या कुणी ते पुसून टाकलं असतं.

मी मूळचा ख्याल ऐकणारा, पियानोला मींड नाही म्हणून वर्षानुवर्षं नाक मुरडलं. सूर एकदा वाजवला की तो विझत जाणार, मधे वळवता येत नाही. पण फ्रामसारखी ही मंडळी ते विझणंच ऐकवतात, पुढचा सूर देण्याआधी इतकं थांबतात की आपणच कान टवकारून बसतो, तंबोरे जुळवताना हॉल गप्प होतो ना, तसं काहीतरी. आता हे ड्रिलच्या आवाजात कुठनं कळणार.

तर पुरवणीत ह्यावर कुणाकडून तरी नीट लिहून घ्या, झोपेच्या टिप्सच्या चौकटीत नको. निमित्त हवं तर पियानो डे आहे, फ्रामनंच 2015 मध्ये सुरू केला, पियानोच्या 88 पट्ट्या म्हणून वर्षाचा 88वा दिवस, म्हणजे 29 मार्च, लीप वर्षात 28.

मी रात्री साडेअकराला बिल्डिंगचा पंप बंद झाला की ऐकायला बसतो. परवा हिच्या कानाला हेडफोन लावला, दोन मिनिटं ऐकून म्हणाली, अहो ह्यात कुणीतरी खुर्ची हलवतंय.

– एक वाचक, पुणे