हेड घासलं, पण खालचं इंजिन कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीबद्दल आपल्या अंकात वरचेवर छापून येतं. या कोंडीत तापलेल्या गाड्यांच्या इंजिनांचं जे कायमचं नुकसान होतं, त्याबद्दल मात्र कुठे वाचनात आलं नाही, म्हणून हे पत्र. वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं मशीन शॉप आहे. आजूबाजूचे गॅरेजवाले सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा, झाकणासारखा भाग, आमच्याकडे फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवतात. उन्हाळा लागला की हेडांची रांग लागते.

गायमुखचा चढ, पुढे ट्रेलर, आत एसी चालू. गाडी पहिल्या गिअरमध्ये सरकत असते, समोरून वारा लागत नाही, त्यामुळे सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर. पंख्याचा रिले (पंखा चालू करणारा स्विच) गेलेला असला, किंवा कूलंटऐवजी सतत नळाचं पाणी भरून रेडिएटर आतून चोंदलेला असला, की तापमानाचा काटा वर चढतो. बऱ्याच गाड्यांत ब्लॉक, म्हणजे हेडाखालचा इंजिनाचा मुख्य भाग, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टांनी जखडलेलं हेड मग वाकतं आणि दोघांच्या मधली गळती रोखणारी चकती, म्हणजे गॅसकेट, दाब धरेनाशी होते.

हेड आमच्याकडे आलं की त्यावर स्ट्रेटएज (अगदी सरळ पट्टी) ठेवून खाली फीलर गेज (मोजलेल्या जाडीच्या पातळ पत्त्या) सरकवून बघतो. पुष्कळ इंजिनांना वाकण्याची मुभा ०.०५ मि.मी.च्या आसपासच असते. आमच्याकडे येणाऱ्या हेडांत ०.२० ची पत्ती सहज आरपार जाते. आम्ही ते सपाट करून देतो. हेड परत जातं, नवं गॅसकेट बसतं, गाडी सुरू होते आणि गिऱ्हाईक समजतं की इंजिन बरं झालं.

पण माझ्यापुढे येतं ते फक्त हेड. ब्लॉक, त्यातला फिरणारा मुख्य दांडा म्हणजे क्रँक, आणि तो ज्यांत फिरतो ती बेअरिंगं गाडीतच असतात. गॅसकेट फुटून कूलंट ऑइलमध्ये उतरलं असेल, तर ते मिश्रण ऑइल पंपाने क्रँकच्या प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचवलेलं असतं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, त्या थरामुळेच धातूला धातू लागत नाही. पाणी मिसळलं की तो थर तुटतो. कूलंटमधलं ग्लायकोल गरम ऑइलमध्ये चिकट गाळ धरतं आणि ऑइलच्या वाटा तुंबवतं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं, तेव्हा झीज बहुतेक वेळा आधीच सुरू झालेली असते. ऑइल बदलून झिजलेलं बेअरिंग भरून येत नाही.

कळव्याच्या एक ताई स्कूल व्हॅन चालवतात. गॅसकेटचं काम होऊन काही महिने झाले आणि सकाळी गाडी सुरू करताना खालून ठकठक ऐकू येऊ लागली. पुढे गरम इंजिनवर ऑइलचा दिवाही लागायला लागला. दुसऱ्या मेकॅनिकने चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवला, तेव्हा बेअरिंगच्या वाट्या कागदात गुंडाळून ताई माझ्याकडे आल्या. वाटीवर राखाडी रंगाचा मऊ थर असतो. तो जागोजाग निघून खालचं तांबं उघडं पडलं होतं. एका वाटीवर तर बोटाला लागतील अशा खोल रेघा. "काका, हेड तर तुम्हीच घासून दिलंत ना? मग खालून आवाज का?" त्यांनी विचारलं. क्रँक ग्राइंडिंग करून, म्हणजे घासून बारीक करून, त्याला बसतील अशी ०.२५ मि.मी. अंडरसाइज बेअरिंगं टाकावी लागली. तेवढे दिवस पोरांच्या आईबापांना रिक्षा बघाव्या लागल्या, आणि ताईंचा त्या महिन्याचा हप्ता थकला. पहिल्याच वेळी चेंबर उतरवून एका बेअरिंगची कॅप खोलली असती, तर हे तेव्हाच दिसलं असतं आणि बहुधा नुसत्या बेअरिंगांवर निभावलं असतं.

हेडाचंही तसंच. फार तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं. मशीनवर ते सपाट होतं, पण गेलेला कडकपणा परत येत नाही आणि ते पुन्हा वाकतं. व्हॉल्व्ह सीटच्या (हेडातल्या झडपा टेकतात त्या कड्यांच्या) मध्ये केसाएवढी चीर असेल, तर ती हेड गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तपासल्याशिवाय सहसा कळत नाही. ही प्रेशर टेस्ट करून घ्या, असं मी सुचवतो. बरेच जण "नको, गिऱ्हाईक पैसे देणार नाही" म्हणतात. गिऱ्हाइकाला विचारलेलं मात्र नसतं.

काही कामं तर नवं नुकसान करून ठेवतात. ब्लॉकवरचं जुनं गॅसकेट खरवडायला ड्रिलला एमरी डिस्क लावतात. तिची पूड ऑइलच्या भोकांत पडते आणि थेट बेअरिंगांत जाते. एकदा ताणले की बदलायचेच असतात असे बोल्ट पुन्हा वापरतात. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) न लावता अंदाजाने आवळतात. कूलंटचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट काढून फेकतात. हे करणारी मुलं कामसू आहेत, वाईट मुळीच नाहीत. त्यांना नीट शिकवलं जात नाही आणि वेळही दिला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गाडीवाल्यांना माझी विनंती आहे की काटा वर गेला की आधी एसी बंद करा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. "माजिवड्यापर्यंत नेतो, पुढे बघू" म्हणत रेटलेल्या गाड्यांचीच हेडं माझ्याकडे सर्वांत वाईट अवस्थेत येतात.

आणि बिलावर नुसतं "हेड वर्क" लिहून घेऊ नका. हेड किती वाकलं होतं, किती घासलं, प्रेशर टेस्ट झाली का, बोल्ट नवे की जुने, ऑइलमध्ये पाणी होतं का आणि असल्यास बेअरिंग उघडून पाहिलं का, एवढं लिहून मागा. दुरुस्तीतला हलगर्जीपणा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतली त्रुटी ठरू शकतो. पण जिल्हा ग्राहक आयोगापुढे दाखवायला हातात काहीतरी हवं. जुनी गाडी घेतानाही हेच बिल मागावं, कारण मालकी बदलताना भरायच्या फॉर्म २९ आणि ३० मध्ये इंजिन कधी उघडलं याचा रकाना नाही. तो असावा, असं परिवहन खात्याला या पत्रातून सुचवतो.

आपला,
एक मशीन शॉप चालक,
वागळे इस्टेट, ठाणे (प.)