बाहुलीच्या झग्याचा खुलासा

डॉर्चेस्टर, बॉस्टन
दि. 8 फेब्रुवारी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मी येथे खुशाल आहे, आणि हे वाक्य केवळ रीत म्हणून लिहिलेले नाही. रविवारी फोनवर माझ्या मागच्या टेबलावरची उघडीवाघडी बाहुली पाहून आईने "एकटी राहून डोके तर फिरले नाही ना?" असे विचारले, आणि मी काही सांगण्याआधीच फोन आजीकडे गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

ही बाहुली खेळण्यातली नव्हे. अठराव्या शतकात नव्या तऱ्हेचे कपडे घातलेल्या बाहुल्या पॅरिस आणि लंडनहून दूरदूर पाठवल्या जात, कारण झगा कसा बेतला आहे आणि पाठीमागून कसा पडतो हे नुसत्या चित्रावरून शिंपिणीला कळत नसे. याच बॉस्टनमध्ये 1733 साली समर स्ट्रीटवरच्या हॅना टीट नावाच्या शिंपीणबाईंनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की लंडनहून आलेली अशी बाहुली त्यांच्याकडे आहे. दुकानी येऊन पाहिल्यास पाच शिलिंग, घरी आणून दाखवल्यास सात. बाबा, हे नुसते पाहण्याचे पैसे! आमच्या घरमालकीणबाई जवळच्या ग्रंथालयात जुन्या बॉस्टनच्या पोशाखांची छोटी मांडणी करीत आहेत आणि तिच्यासाठी त्यांना अशी एक बाहुली सजवून हवी आहे. त्यांचे हात आता थरथरतात, माझे थरथरत नाहीत, एवढाच यातला व्यवहार. याचे पैसे मिळतात का, हा बाबांचा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. माझ्या व्हिसावर नोकरीखेरीज दुसरे काम करून पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे मिळत नाहीत. पण जात तर काहीच नाहीत.

झगा 1760 च्या सुमाराचा, फ्रेंच घाटाचा आहे. आत लिननचा पातळ सदरा, त्यावर काड्या घातलेली ताठ काचोळी (मूळ काचोळीत देवमाशाच्या जबड्यातील लवचिक पट्ट्या घालीत, मी येथल्या झाडूच्या काड्या घातल्या आहेत), कमरेच्या दोन्ही अंगांना परकर फुगवण्यासाठी तारेचे सांगाडे, आणि या सगळ्यावर पुढून उघडा झगा, ज्याच्या मधल्या फटीत छातीवर त्रिकोणी पट्टी चक्क टाचण्यांनी टाचतात. खरी कसोटी पाठीवर आहे. मानेपाशी दुहेरी चुण्या घालून त्या थोड्याच अंतरापर्यंत शिवायच्या आणि तेथून जमिनीपर्यंत मोकळ्या सोडायच्या, पण आतले अस्तर मात्र अंगाला घट्ट बसले पाहिजे. अठरा इंच उंचीच्या बाहुलीवर एक चुणी दोन दोरे इकडेतिकडे झाली तरी सगळी पाठ वाकडी दिसते. शिवणयंत्राचे पेटंट एलायस हाऊ यांनी 1846 मध्ये घेतले, म्हणजे या झग्यानंतर कितीतरी वर्षांनी, म्हणून सारे काम हातशिलाईचे आहे: आजीने शिकवलेला धावदोरा, आणि ताण पडेल तेथे उलटी टीप.

आता आजीला जपून सांगायची गोष्ट. कापड तिच्याच जुन्या इरकलीचे आहे, ज्यात आईने लोणच्याची बरणी गुंडाळून दिली होती. येथे दुकानातले रेशीम पाहिले, पण त्यावरची फुले बाहुलीच्या अंगावर भोपळ्याएवढी दिसतात. इरकलीची बारीक रेघ या मापाला नेमकी बसते. काठ आणि पदर जसेच्या तसे काढून ठेवले आहेत आणि मधले कापडही फारसे कापलेले नाही, कारण त्या काळी कापड महाग आणि मजुरी स्वस्त होती, त्यामुळे शिंपिणी कापण्यापेक्षा चुण्या घालून भागवीत आणि टाके लांब घेत, म्हणजे पुढे उसवून त्याच कापडाचा दुसरा झगा होई. गोऱ्यांच्या बाहुलीला आपले कापड कशाला, असे बाबा म्हणतील. आपल्याकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या चिटांचा तेथील बायकांना इतका सोस होता की तिथल्याच विणकरांच्या ओरड्यामुळे इंग्लंडला 1721 मध्ये छापील सुती कापड वापरण्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. ती बंदी अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींना लागू नसल्यामुळे बॉस्टनच्या बायका मात्र उजळ माथ्याने चीट नेसत असत.

काम मागे पडले ते बर्फामुळे नव्हे, इस्त्रीच्या टेबलामुळे, आणि हे तुम्हाला नीट समजावून सांगितल्याशिवाय पटणार नाही. येथे गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. मोठा बर्फ पडला की ज्याने फावड्याने आपल्या गाडीची जागा मोकळी केली, ती जागा त्याचीच, असा लोकांचा समज आहे. रस्ता नगरपालिकेचा असला तरी. म्हणून कामावर जाताना तो तेथे मोडकी खुर्ची, बादली, रंगाचा डबा, असे काहीही ठेवून जातो, आणि त्या खुर्चीला हात लावण्याची कोणाची छाती होत नाही. नगरपालिकाही बर्फाची आणीबाणी उठल्यापासून 48 तास हे चालवून घेते आणि मग वस्तू उचलून नेते, पण साउथ एंड भागात हा प्रकार मुळीच चालत नाही. 2014-15 च्या हिवाळ्यात येथे 110.6 इंच बर्फ पडला होता, त्या वेळच्या खुर्च्यांच्या कथा घरमालकीणबाई अजून रंगवून सांगतात. यंदा त्यांनी माझे इस्त्रीचे टेबल नेऊन ठेवले. चुण्यांवर इस्त्री फिरवायची वेळ आणि टेबल रस्त्यात, बर्फाच्या दोन भिंतींमध्ये! मी खिडकीतून त्याच्याकडे पाहत परकराची झालर शिवत बसले.

थंडीची काळजी करू नका. हिवाळ्यात दिवसा घर वीस अंशांपर्यंत उबदार ठेवणे येथे कायद्यानेच घरमालकावर बंधनकारक आहे. हवा कोरडी होऊन बोटांची टोके फुटतात आणि रेशमाचे तंतू त्यांत अडकतात, म्हणून रात्री मलम लावते. तेल लावत नाही, कापडाला डाग पडतात. डोळ्यांसाठी चांगला दिवा घेतला आहे. आणि आई, "एवढी हौस आहे तर रुखवत कर" हे तुझे बोलणे ऐकले होते, फोन तुटल्याचे मी उगाच दाखवले.

गच्चीच्या दुरुस्तीसाठी दीड लाख रुपये पाठवले आहेत, गवंड्याला पावसाआधी बोलावा. धाकट्याचा साखरपुडा पाडव्याला ठरला याचा मला मनापासून आनंद आहे. थोरलीच्या आधी धाकट्याचे कसे, असे कोणी विचारले तर माझी पूर्ण संमती आहे असे सांगा. तशी ती आहेच. पण साखरपुड्याला मला येता येणार नाही. एकदा देशाबाहेर पडले की परतण्यासाठी पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यावा लागेल आणि त्याची तारीख मे महिन्याआधी मिळत नाही. लग्नाला नक्की येईन. माझ्या नावाने ठेवलेल्या पाटल्या नव्या सुनेला घाला, त्या कपाटात किती वर्षे ठेवायच्या? न्यू जर्सीच्या मुलाशी दोनदा बोलले, माणूस सभ्य वाटला, याहून अधिक आत्ताच विचारू नका.

आजीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया माझी वाट पाहत लांबवू नका. साखरपुड्याच्या वेळी फोन लावून ठेवा. तुमच्याकडे सकाळचे अकरा वाजतील तेव्हा येथे रात्रीचा दीड वाजलेला असेल, पण मी जागी असेन.

आजीला साष्टांग नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
थोरली