हत्तुशाच्या मातीतली नवी भाषा

महोदय,

तुर्कस्तानातील बोआझकॉय येथे, म्हणजे हित्ती या प्राचीन साम्राज्याच्या हत्तुशा या राजधानीत, २०२३ मध्ये मातीच्या एका पाटीवर तोवर अज्ञात असलेली भाषा आढळली, पण त्याची आपल्याकडे व्हावी तशी चर्चा झाली नाही. पाटीवरील विधीचा मजकूर हित्ती भाषेत आहे. मात्र पुढचे पठण ‘कलश्मा देशाच्या भाषेत’ करावे, अशी सूचना लिपिकाने त्यातच नोंदवली आहे. निरनिराळ्या मुलखांतील देवांना त्यांच्याच भाषेत आळवावे, यासाठी हत्तिक, लुवियन, पलाईक आणि हुरियन या भाषांतले मंत्रही हे लिपिक उतरवून ठेवत. (यात राज्यकर्त्यांचा व्यवहारीपणाही असेलच.) हत्तुशाच्याच दफ्तरातील, मितन्नी या प्राचीन राज्याशी झालेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे वैदिक देव साक्षीला आहेत, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत या स्थळाला किमान एक परिच्छेद मिळायला हवा.

– एक वाचक, सातारा