ओमा, तुमची फाईल आणि आमचा दाखला

तीर्थरूप ओमा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आमच्याकडे वडीलधाऱ्यांना पत्र असंच सुरू होतं. हे तुम्हाला वाचता यायचं नाही, म्हणून इंग्रजीत करून निराळं धाडलंय. पण निघताना तुम्हीच म्हणाला होता, "आधी तुझ्या भाषेत लिही, आमचं नंतर बघ." आणि आभार मानायचे तर ते माझ्या माणसांसमोर मानावेत, असं मलाही वाटलं. तुमचं आणि गावाचं नाव मात्र लिहीत नाही. नुसतं "ओमा", म्हणजे डचमध्ये आजी. फॉर्मवर तसं कबूल केलंय.

त्या फॉर्मचंच आधी सांगते. उट्रेख्त विद्यापीठात मी सांस्कृतिक मानवशास्त्राचं मास्टर्स करत होते, विषय शाश्वतता आणि नागरिकत्व. वर्षभराचा अभ्यासक्रम, त्यात तीनेक महिने फील्डवर्क. म्हणजे लोकांत जाऊन राहायचं, बघायचं, ऐकायचं. माझ्या घरी हे कुणालाच पटलेलं नव्हतं. "नेदरलँडला जाऊन म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारायच्या? त्या इथं फुकट मिळतात," असं वडील म्हणाले होते. तर पहिल्याच दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर संमतीपत्र ठेवलं. नाव उघड होणार नाही, वाटेल तेव्हा माघार घेता येईल, असलं दोन पानी. तुम्ही चष्मा लावून शब्द न् शब्द वाचलात. मग उठून आतून एक जाडजूड फाईल आणलीत. मग दुसरी. मग तिसरी. तिन्हींची थप्पी लावून वर माझी दोन पानं ठेवलीत आणि म्हणालात, "हा आणखी एक."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही सही केलीत, पण अट घालून: तू एक प्रश्न विचारलास की एक मी विचारणार.

आमच्या लोकांना तुमच्याकडची गोष्ट फारशी ठाऊक नाही, म्हणून थोडं सांगते. ग्रोनिंगन प्रांतात स्लोख्टरनजवळ १९५९ साली नैसर्गिक वायूचं घबाड सापडलं. १९६३ पासून तो उपसायला लागले. देशभरातल्या शेगड्या आणि हीटर त्यावर चालले, सरकारी तिजोरीत साडेतीनशे अब्ज युरोंहून जास्त पैसा आला. वायू होता तीनेक किलोमीटर खाली, वाळूच्या खडकाच्या छिद्रांत. तो निघाला तसा दाब उतरला, खडक दबला, जुन्या भेगांवरून सरकायला लागला. हादरे छोटे, पण उथळ, आणि वर विटांची जुनी घरं. १६ ऑगस्ट २०१२ ला हाउझिंगे गावाजवळ ३.६ चा धक्का बसला, तो तिथला सगळ्यात मोठा. "३.६ ला आमच्याकडे कुणी कूस बदलत नाही," असं मी तुम्हाला म्हटलं होतं आणि म्हणता म्हणता जीभ चावली होती. २०२३ मध्ये संसदेच्या चौकशी समितीनं लिहिलं की ग्रोनिंगनच्या लोकांच्या हिताकडे वर्षानुवर्षं डोळेझाक झाली. पंतप्रधानांनी माफी मागितली. १ ऑक्टोबरला उपसा थांबला. हादरे अजून येतात.

हे मी येण्याआधी वाचून आले होते, अगदी तारखांसकट. गोटीचं मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

तुम्ही कपाटातल्या कपातून काचेची हिरवी गोटी काढलीत आणि दाराशी जमिनीवर ठेवलीत. हात लावला नाहीत. गोटी क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, मग निघाली, टेबलाखालून सिंककडे, तिथून किंचित डावीकडे वळून रेडिएटरखाली जाऊन भिंतीला टेकली. "पूर्वी सिंकपाशी थांबायची," तुम्ही म्हणालात. मग खिडकीशेजारची भेग दाखवलीत. भेगेला आडव्या पेन्सिलीच्या बारीक रेघा, प्रत्येक रेघेला तारीख. आमच्याकडे भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात, फुटली की भेग वाढली. तुमची पद्धत मला जास्त आवडली, कारण तीत अक्षर बदलत गेलेलं दिसतं. खालच्या तारखा ठसठशीत, वरच्या थरथरत्या.

एक तज्ज्ञ येऊन म्हणाला, माती खचतेय. दुसरा म्हणाला, पायाच कच्चा आहे. तिसऱ्यानं दोष अंगणातल्या झाडावर ढकलला. प्रत्येकाचा अहवाल फाईलीत. मग २०१६ संपता संपता कायदा उलटा फिरला: अशा घराचं नुकसान वायूमुळेच झालं असं धरायचं, तसं नसेल तर ते समोरच्यानं सिद्ध करायचं. मी उत्साहानं म्हटलं, म्हणजे मोठाच विजय. तुम्ही ग्रोनिंगर कूकच्या, म्हणजे तुमच्याकडच्या मसालेदार केकच्या, कापाला लोणी लावत होता. "हो. पण तोवर मी भेगांची कारकून झाले होते."

ओमा, हे वाक्य माझ्या प्रबंधात आहे, तुमच्या परवानगीनं. नागरिकत्वावर वाचलेलं सगळं मला पासपोर्ट, मतदान, हक्क याच भाषेत कळत होतं. माणूस आपल्याच सरकारचा नागरिक राहण्यासाठी संध्याकाळी जेवण झाल्यावर किती तास कागद लावत बसतो, ते तुमच्या टेबलाशी दिसलं.

शाश्वतता म्हणजे तुमच्या लेखी काय, असा अगदी पुस्तकी प्रश्नही मी विचारला होता. तुम्ही बॉयलरकडे बोट केलंत. इथला वायू बंद, आता बाहेरून आणतात. तो जास्त कडक, म्हणून इथल्या शेगड्यांना मानवावा यासाठी त्यात नायट्रोजन मिसळतात. मग खिडकीबाहेर बोट केलंत, पवनचक्क्यांकडे. "वीज पश्चिमेकडे जाते. खांब आमच्या शेतात. आता माझा प्रश्न. तुमच्याकडची वीज कुठं जाते?"

माझं गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. मी तोवर ते सांगितलंच नव्हतं. मी भूकंपाचा अभ्यास करायला आलेली परदेशी विद्यार्थिनी होते, आणि तेच बरं वाटत होतं.

त्या दुपारी सांगावं लागलं. आमच्याकडेही माणसानंच काही केलं आणि जमीन हलली. तुमच्याकडे खालून उपसलं, आमच्याकडे वर भरलं. धरणात पाणी साठायला लागल्यावर धक्के वाढत गेले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झालं, दीडशेहून जास्त माणसं गेली. धरणाच्या पाण्यानं होणाऱ्या भूकंपांचं जगभर दिलं जाणारं उदाहरण म्हणजे कोयना. शास्त्रज्ञांनी तिथं गोठणे गावी तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासलाय. तीन किलोमीटर ऐकून तुम्ही हसलात, "म्हणजे आपण दोघी एकाच मजल्यावर." आणि वीज? मुंबईला, पुण्याला, कारखान्यांना. कोयनेला महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात, हे मी तुम्हाला भाषांतर करून सांगितलं तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. नुसती कॉफी ओतलीत.

पुढचा प्रश्नही तुमचाच होता: तुझ्या आजीची फाईल कुठाय?

मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं जिच्या मांडीवर लोळले तिला मी हे कधीच विचारलं नव्हतं, आणि तुम्हाला भेटायला समुद्र ओलांडून आले होते. प्रबंध दिला, घरी गेले आणि पहिल्यांदा माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. आमची फाईल एका कागदाची निघाली. भूकंपग्रस्त असल्याचा दाखला, आजोबांच्या नावाचा. तुम्हाला याचं नवल वाटेल, पण त्या दाखल्यावर आमच्याकडे सरकारी नोकरीत राखीव जागा असते. त्यामुळे भूकंप आमच्या घरात नोकरीच्या जाहिराती आल्या की निघायचा. धक्का सोसणाऱ्या आज्जीचं नाव दाखल्यावर नाही. घर आजोबांचं होतं ना.

आज्जीला म्हटलं, तुझं सांग. ती म्हणाली, "माझं काय सांगायचं? म्हस सोडाया गेले म्हनून वाचले." मग दोन तास बोलली. मी फॉर्म काढला नाही, टेपही लावला नाही. ते अजून मी कुठं लिहिलेलं नाही आणि बहुतेक लिहिणारही नाही.

ओमा, तुम्ही मला माळ्यावरची खोली दिलीत, गावच्या सभेला घेऊन गेलात, माझ्या मोडक्या डचला कधी हसला नाहीत. तुम्हाला "ओमा" म्हटलं तर चालेल का, असं विचारलं तेव्हा तुम्ही तुमच्या तिकडच्या थाटात म्हणालात, "कोन मिंडर." याहून वाईट असू शकलं असतं! सबंध ग्रोनिंगनचं कौतुक त्या दोन शब्दांत मावतं, हे कळायला मला महिना लागला. त्या सगळ्यासाठी मनापासून आभार. सगळ्यात जास्त त्या अटीसाठी, की एक प्रश्न माझा आणि एक तुमचा. माझ्या शास्त्राला ही अट शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी घालायला हवी होती.

आज्जीला तुमचे फोटो दाखवले. लाकडी टेकू दिलेली भिंत तिनं बराच वेळ पाहिली. घर पाडून नवीन बांधणार आहेत आणि तोवर तुम्हाला तात्पुरत्या घरात राहायचंय, हे सांगितल्यावर तिला तुमच्याबद्दल एकदम सगळं कळलं. भूकंपानंतर ती किती तरी पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली होती. एरवी आज्जी कुणाला काही विचारत नाही. पण पत्र लिहितेय म्हटल्यावर उंबऱ्यातून ओरडून म्हणाली, "तिच्या त्या नव्या घरावर पाऊस वाजतो का, तेवढं इचार."

वाजतो का, ओमा? कळवा.

तुमची,
माळ्यावरच्या खोलीतली