दहानंतर माईक फक्त नाटकाचाच बंद?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोव्यातील हणजूण-वागातोर भागातील पार्टी हॉस्टेलांवर आलेला पानभर लेख वाचला. छायाचित्रे देखणी आहेत, यात वाद नाही. लेखात हॉस्टेलचालक बोलतात, डीजे बोलतात, बंगळुरूहून आलेली तरुण मंडळी बोलतात. कुंपणापलीकडे राहणारा एकही माणूस मात्र त्यात बोलत नाही. आमची बोळवण ‘काही स्थानिकांचा विरोध’ या तीन शब्दांत झाली आहे. तेवढी जागा दिल्याबद्दल आभार मानतो आणि उरलेले या पत्रात लिहितो.

रात्रजीवन ही हणजूणची साठ वर्षांची परंपरा आहे, असा लेखाचा एकंदर सूर आहे. हिप्पी आले, बुधवारचा बाजार सुरू झाला, पौर्णिमेच्या पार्ट्या झाल्या, हे सारे आम्ही पाहिले आहे आणि त्या काळात गावातील अनेकांनी त्यांना खोल्या भाड्याने देऊन चार पैसेही मिळवले. परंतु तो नाच किनाऱ्यावर, माडांच्या पलीकडे चालत असे आणि पाऊस लागला की बंद होत असे. आता तोच धिंगाणा वाड्यावरच्या, म्हणजे भर वस्तीतल्या, घरात आला आहे आणि भर जुलैतही त्याला ‘मान्सून ऑफर’ असते. या दोहोंना एकाच परंपरेच्या माळेत ओवणे लेखकाला सोपे गेले असेल, कारण रात्री ते इथे झोपत नाहीत.

आता मूळ मुद्दा. गेल्या जत्रेत आमच्या देवळापुढे नेहमीप्रमाणे गावातल्याच कलाकारांचे ऐतिहासिक नाटक होते. पालखी परतायला उशीर झाला, त्यामुळे पडदाही उशिरा उघडला आणि तिसरा अंक लागेपर्यंत दहा वाजून गेले. मी विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टरचे काम करीत होतो. एवढ्यात पोलीस आले. हवालदाराने देवळाच्या पायरीशी चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि मग माईकची वायर काढायला सांगितली. त्याच्या वागण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दहानंतर ध्वनिक्षेपक नको, असा नियम आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते आणि त्या दिवसांत आमच्या जत्रेची तिथी नव्हती, हेही मला मान्य आहे. नाटक आम्ही माईकशिवाय पुढे चालू ठेवले. राजाची भूमिका करणारा आमचा लाईनमन गळ्याच्या शिरा ताणून स्वगत म्हणत होता, आणि दोन शेते सोडून असलेल्या हॉस्टेलातून येणारा ‘धम्म धम्म’ त्याच्या प्रत्येक वाक्यावर पडत होता. मागच्या खुर्च्यांवरच्या बायका एकमेकींना ‘कितें म्हळें ताणें?’ विचारू लागल्या. पेटीवाल्याची लय दोनदा सुटली. ज्या गाडीतून पोलीस आमच्याकडे आले, ती गाडी त्याच हॉस्टेलाच्या फाटकासमोरून आली होती, कारण देवळाकडे यायला दुसरा रस्ताच नाही. कायदा सर्वांना समान आहे, असे आपण अग्रलेखांतून अधूनमधून लिहिता, म्हणून ही हकिकत आपल्याला मुद्दाम कळवीत आहे.

यावर ‘मग तक्रार करा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तक्रार केली. ११२ क्रमांकावर दूरध्वनी केला की गाडी येते, आवाज खाली जातो, गाडी वळते आणि ती मुख्य रस्त्याला लागण्याच्या आत आवाज पूर्ववत होतो. एकदा तर दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्टेलाचा व्यवस्थापक माझ्या दारात मिठाईचा डबा घेऊन उभा राहिला आणि ‘अंकल, सीधा हमको बोल देते’ म्हणाला. माझे नाव त्याला कोणी सांगितले, हे विचारायला मी चौकीवर गेलो, तेव्हा ‘चौकशी करतो’ असे उत्तर मिळाले. ती चौकशी अद्याप चालू असावी. आवाज मोजायचा कोणी, हा प्रश्न काढला की पोलीस प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे बोट दाखवतात, पंचायत उपजिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते आणि तेथून पुन्हा पोलिसांकडे जाण्याचा सल्ला मिळतो. वास्तविक २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत जिल्हा दंडाधिकारी किंवा उपअधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा अधिकार स्पष्टपणे दिलेला आहे, आणि रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला, तर यंत्राने मोजणी होईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. दहानंतर उघड्या अंगणात ध्वनिक्षेपक चालू असणे हाच भंग आहे. नाटकाच्या वेळी कोणी ध्वनिमापक आणला नव्हता, तरी वायर निघालीच ना?

मोजणी केली, तरी तिचा फारसा उपयोग होईल असे नाही. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ज्या पद्धतीने हे डेसिबल मोजतात, तिच्यात खर्जातला आवाज कमी धरला जातो. आणि आमचा छळ होतो तो नेमका खर्जाचा. गाण्याचे शब्द, सूर वगैरे भिंतीत अडतात. धम्म मात्र चिऱ्याच्या दीड हात रुंद भिंतीतूनही आत येतो. आमच्या जुन्या घराच्या शिंपल्यांच्या खिडक्या रात्रभर बारीक थरथरतात आणि फडताळातले पेले एकमेकांना लागून किणकिणतात. ते मी पेल्यांमध्ये फडकी घालून थांबवले. खिडक्यांवर इलाज सापडलेला नाही.

क्लबांवर आता निदान डोळा तरी असतो. हडफडे गावातल्या क्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री आग लागून २५ जणांचा बळी गेला, त्यात बहुसंख्य तिथे राबणारे कामगार होते. त्यानंतर परवाने, बाहेर पडण्याचे मार्ग, छताचे साहित्य यांबद्दल सरकारी यंत्रणेला काही काळ तरी जाग आली. हॉस्टेल मात्र या चाळणीतून अलगद निसटते. कागदावर ते घर असते, त्याला पंचायतीचा घर क्रमांक असतो आणि तिथे म्हणे पाहुणे उतरतात. प्रत्यक्षात एकेका खोलीत दुमजली खाटांवर आठ-दहा मुले कोंबलेली, अंगणात बार आणि बारशेजारी माणसाएवढे स्पीकर. खाटेचे भाडे स्वस्त ठेवायचे आणि कमाई बारवर करायची, हा साधा हिशेब त्यामागे आहे. म्हणूनच पाहुणे लवकर झोपलेले चालकाला परवडत नाहीत. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेला तो मांडव, एकच अरुंद जिना आणि वर झोपलेली ती मुले पाहिली, की मला आवाजापेक्षा दुसरीच भीती वाटते. आणि लेखात फक्त ‘बाहेरच्यां’ना दोष द्यायचे टाळले आहे, ते मात्र योग्यच झाले, कारण यातली अनेक घरे आमच्याच माणसांची आहेत. मालक लिस्बनला किंवा लंडनला, भाडे महिन्याच्या महिन्याला खात्यात, आणि चतुर्थीला किंवा नाताळाला गावी आले की तेच आमच्या ओसरीवर बसून गाव बिघडला म्हणून हळहळतात.

मुलांवर माझा राग नाही. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीमागे धावत पाव घेणारी, अर्धवट झोपेतही ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारी ही मुले घरी नीटच वागत असतील. नाचूही नका, असे कोणी म्हणत नाही. काणकोणात पाळोळ्याला दहानंतर प्रत्येकाच्या कानाला हेडफोन लावून पार्ट्या झालेल्या आहेत. माणसे पहाटेपर्यंत नाचली आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. हणजूणच्या हॉस्टेलवाल्यांना हेडफोन परवडत नाहीत, असे त्यांच्या बारचे दरपत्रक पाहून तरी वाटत नाही.

जाता जाता पाण्याचेही सांगतो. वाड्यावरच्या नळाला मार्च-एप्रिलमध्ये सकाळी जेमतेम तासभर पाणी असते, आणि त्याच वेळी हॉस्टेलांचे पोहण्याचे तलाव भरायला आलेले टँकर आमच्या अरुंद वाटेवर असे उभे असतात की शाळेची बस मुख्य रस्त्यावरच थांबते. टँकर कोणत्या विहिरीवरून येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. फक्त लिहून ठेवायला कोणी तयार नाही.

येत्या ग्रामसभेत मी एकच मागणी करणार आहे आणि आपल्या वार्ताहराने तिथे उपस्थित राहावे, ही विनंती. पंचायत क्षेत्रातील प्रत्येक हॉस्टेलाचा घर क्रमांक, पर्यटन खात्याकडील नोंदणी, खाटांची संख्या, मद्यविक्रीचा आणि ध्वनिक्षेपकाचा परवाना, हे सारे फलकावर लावावे. ज्यांच्याकडे कागद आहेत, त्यांना यात अडचण वाटण्याचे कारण नाही. मागच्या ग्रामसभेत हा विषय ‘वेळेअभावी’ राहिला होता, आणि त्याची बातमीही आपल्या अंकात जागेअभावी राहिली असावी. त्या दिवशी पान तीनवर एका पूल पार्टीची अर्ध्या पानाची जाहिरात होती.

माझे नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे. तो कृपया छापू नये. मिठाईचा डबा पुन्हा परत करायला जाणे मला जमणार नाही.

कळावे,
आपला,
एक ग्रामस्थ, हणजूण, बार्देश