दोराची यक्षी इकडं कधी येणार?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

आपल्या पेपरात चित्र-शिल्पाच्या प्रदर्शनांना फार तर चार ओळी मिळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कृपया छापा.

मृणालिनी मुखर्जी या शिल्पकार बाईंचं काम मराठवाड्यातल्या माणसानं बघायलाच पाहिजे. जन्म १९४९, मुंबईचा, शिक्षण बडोद्याला चित्रकार के. जी. सुब्रमण्यन सरांच्या हाताखाली. २०१५ च्या जानेवारीत दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन लागलं आणि ते चालू असतानाच फेब्रुवारीत त्या गेल्या. २०१९ ला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनंही त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. नंतर नंतर त्यांनी सिरॅमिक आणि ब्राँझमध्येही काम केलं, तेही चांगलंच आहे, पण मला बोलायचंय ते दोराबद्दल.

या बाईंनी वाखाचा, म्हणजे झाडाच्या सालीच्या धाग्याचा, दोर रंगवून, लोखंडी सांगाड्यावर हातानं गाठ मारत मारत माणसापेक्षा उंच मूर्ती उभ्या केल्या, आधी कागदावर स्केच नाही काही नाही, गाठ पुढं जाईल तसा आकार. फोटो मोबाईलवर झूम करून बघितले तर गाठी अशा घट्ट एकाला एक लागून बसल्यात की दोराचं कापड झालंय, आणि त्या कापडाच्या घड्या पडून कुठं पाकळी, कुठं कमरेचा घेर. १९८४ च्या एका मूर्तीचं नाव 'यक्षी' आहे, यक्षी म्हणजे जुन्या शिल्पांतली झाडापाण्याची देवता. वेरूळच्या ३२ नंबरच्या लेण्यात आंब्याखाली बसलेली अंबिका यक्षी आपण सगळ्यांनी बघितलीय, तिच्याच कुळातली ही, फक्त दगडाच्या जागी दोर.

आता दोर म्हणलं की आपल्याकडं काय कमी होतं का हो? बांधावर अंबाडी लावायची, कापून पाण्यात कुजवायची, सोलून वाख काढायचा, वाळवायचा, मग पीळ देऊन कासरा, दावं, चऱ्हाट वळायचं. मातंग समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं, पोळ्याला बैलाला नवी वेसण त्यांच्याच हातची. आता पोळ्याच्या बाजारात सगळा नायलॉन. ज्यांनी दोर वळलाय ती म्हातारी माणसं अजून गावोगाव आहेत आणि हे काम त्यांच्याइतकं बारकाईनं कुणीच बघणार नाही, पीळ सैल आहे का घट्ट हे ते लांबून सांगतील. कितीतरी वर्षं जाणकार लोक दोराच्या या कामाला शिल्प मानायलाच तयार नव्हते, हस्तकला म्हणून बाजूला टाकायचे, आपल्या कारागिरांच्या वाट्याला तर तेवढंही बोलणं आलं नाही.

आपल्याकडं म्युझियम म्हणजे फक्त जुनं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली जगात भारी आहे, त्याचा मला अभिमानच आहे, पण आजच्या कलाकाराचं काम ठेवायला मराठवाड्याच्या पूर्ण आठ जिल्ह्यांत धड जागा नाही, मग आमच्या लेकरांनी शिल्प बघायचं कुठं, पुतळ्यापुरतंच का?

म्हणून सांस्कृतिक खात्याला आणि पालकमंत्र्यांना विनंती, दिल्लीच्या गॅलरीशी बोलून यातल्या दोन-चार मूर्ती तरी छत्रपती संभाजीनगरला महिनाभर आणा, पाट्या मराठीत लावा, आणि उद्घाटनाला एखाद्या दोर वळणाऱ्या आजोबांना बोलवा. आणि साहेब, तुम्ही रविवारच्या पुरवणीत त्या 'यक्षी'चा फोटो रंगीत आणि पानभर छापा.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, जि. परभणी