बाळ्या, तुझा खारट पापा खरा निघाला

लातूर, रविवार, रात्रीचे साडेबारा

बाळ्या,

सात महिने झाले तुला एक ओळ टाकली नाही, शिव्या घाल, हक्क आहे तुझा. माझी शुगर ठीक, अण्णांचे गुडघे होते तसेच. ताईच्या चिंटूचा थुंकीचा रिपोर्ट आला रे. फुप्फुसात मुरणारा जंतू, सूडोमोनास एरुजिनोसा, आणि पुढं एक शब्द, म्युकॉइड. या घरात तो शब्द मला एकट्यालाच कळतो, बाहेर तुला, म्हणून लिहायलोय.

आठ महिन्यांचा होता तेव्हा तू पापा घेऊन म्हणलास, "लेकरू खारट लागायलंय, घामाची टेस्ट करा." आणि मी "एमएस्सीच्या मार्कांवर डॉक्टरकी करू नको" म्हणून भांडलो, वर दीड वर्ष तोंड दाखवलं नाही. मग पाच वर्षं दम्याची औषधं, मधी टीबीची पण. शेवटी घामातलं क्लोराइड बघितलं, 60 च्या वर म्हणजे सीएफ (सिस्टिक फायब्रोसिस, जन्मजात आजार, घाम खारट आणि छातीत कफ चिकट), याचं 98.

परवापासून वाचत बसलोय. आपण लॅबात समजायचो की जंतू मुरला म्हणजे जास्त डेंजर झाला. उलटंच आहे लेका! येतो तेव्हा दांडगाई, फ्लॅजेला म्हणजे पोहायची शेपटी हलवत, विष सोडत. पण आत कफ चिकट, ऑक्सिजन कमी, वरून अँटिबायोटिकचा मारा, मग हळूहळू म्यूटेशन होत जातात आणि जे टिकतात ते वेगळेच असतात. म्यूक-ए जीन बिघडतो, अल्जिनेट नावाच्या चिकट पदार्थाचा ब्रेकच जातो, अंगावर बुळबुळीत थर, तोच म्युकॉइड. फ्लॅजेला टाकून देतो. लास-आर हा जीन बिघडतो, म्हणजे आपसातले निरोप बंद आणि विषही कमी. तुमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आठव, पहिल्या महिन्यात तुझ्या बाबांशी मारामारी, नंतर एकदम गरीब गाय, आणि दहा वर्षांनी रेशनकार्डावर तुमचाच पत्ता. (कोर्टाचं काय झालं पुढं?)

2000 साली स्पेनच्या लोकांनी बघितलं, सीएफच्या 30 पेशंटांपैकी 11 जणांत असले सूडोमोनास सापडले ज्यांचं डीएनए दुरुस्तीचं कामच बिघडलेलं, म्हणून म्यूटेशन धडाधड. सीएफ नसलेल्या, पण सूडोमोनास लागलेल्या 75 जणांत एकातही नाही. तू असतास तर म्हणला असतास, आपल्या होस्टेलची मेसच ती, काहीपण तयार होतं.

मला झोप येत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. नुसता सूडोमोनास नवीन लागलेला असता तर नेब्युलायझरनं टोब्रामायसिन देऊन बऱ्याचदा पुसता येतो. म्युकॉइड म्हणजे तो बहुतेक लई दिवसांचा मुक्कामी, नरम दिसला तरी सहजासहजी निघत नाही. दम्याचा पंप ओढत होतं पोरगं तेव्हापासूनचा का काय, कुणाला ठाऊक. तुझं ऐकलं असतं तर निदान कल्चर वेळेवर लागत गेलं असतं. तू "मी म्हणलो होतो" म्हणणार नाहीस हे माहिताय, त्याचाच जास्त त्रास होतो.

वहिनीला नमस्कार, पोरीची बारावी कशी गेली, प्लॉटचं कळव.

सध्या चिंटूला ताप नाही, गल्लीत क्रिकेट खेळायलाय, खोकला तेवढा चालूच. ताई म्हणली, "इन्फेक्शन नरम पडलंय ना रे आता?" मी हो म्हणलो. खोटंही नव्हतं ते.

फोन नको करू, ती शेजारीच बसलेली असते. लिही.

तुझाच,
मुक्या